२७ गोळ्यांचा हिशेब : आरोग्यमंत्री आणि अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वित्त मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांना दर महिन्याला लागणाऱ्या खर्चाची स्वतंत्र तरतूद करणेबाबत.

संदर्भ : माझा धाकटा भाऊ. वय ५१. स्किझोफ्रेनिया, १९९७ पासून.

महोदय,

पंचायत समितीच्या लेखा शाखेत ३४ वर्षं काढली की विषय-संदर्भ लिहिल्याशिवाय पत्राला हात चालत नाही. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. फार मोठ्या हुद्द्यावर नव्हते. देयकं तपासायची, आक्षेप काढायचे, मार्चअखेरीला रात्री बारापर्यंत बसून ट्रेझरीत बिलं टाकायची, एवढंच काम. पण त्यामुळे एक खोड लागली ती लागलीच. कुणी 'सरकार अमुक करणार' म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यावर? भाषणात टाळ्या पडतात, पण पैसा लेखाशीर्षातून येतो. ज्या कामाला शीर्ष नाही ते काम होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जिल्ह्याहून मानसिक आरोग्याची गाडी येते. डॉक्टर (असलेच तर), एक सोशल वर्कर ताई, एक नर्स. दहा वाजता केसपेपर काढायचा, साडेबारापर्यंत नंबर लागतो, मग औषधाच्या खिडकीपुढे रांग. गेल्या पावसाळ्यात त्या खिडकीतून माझा कागद तसाच परत आला. क्लोझापिनच्या नावाभोवती पेनानं गोल केलेला आणि शेजारी लिहिलेलं, 'शिल्लक नाही, बाहेरून घ्या'. आमच्या गावातली दोन्ही मेडिकल दुकानं ही गोळी ठेवत नाहीत, कारण गिऱ्हाईक एकच, मी. जिल्ह्याच्या दुकानदारानं 'उद्या मागवतो' म्हणत चार दिवस काढले, मधे पोळा आला, मग रविवार आला. नऊ दिवस गेले. रोजच्या तीन गोळ्या धरल्या तर २७ गोळ्या.

ही गोळी इतर गोळ्यांसारखी नाही. दोन औषधं देऊन गुण आला नाही की मग ही देतात. तिनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. आणि दोन दिवसांच्या वर खंड पडला तर जुना डोस तसाच पुढे चालू करता येत नाही. पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून एकेक पायरी चढायची. भाऊ तीनशेवर होता. आमच्याकडे डॉक्टर महिन्यातून एकदा, त्यामुळे तीनशेपर्यंत पोचायला मागच्या खेपेला चार महिने गेले होते.

सातव्या दिवशी तो एकावर एक दोन शर्ट घालून ओट्यावर येऊन बसला. आमच्या घरात ही खूण सगळ्यांना माहीत आहे. ऊन असो, पाऊस असो, दोन शर्ट चढले की आत काहीतरी सुरू झालं समजायचं. आठव्या दिवशी त्यानं ताट सरकवलं. म्हणाला, "आक्का, ह्या मिठात कायतरी हाय." मी त्याच्यासमोर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून दाखवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मला वाटतं कीव होती. हिलाही त्यांनी फोडली, अशी.

पुढचं लवकर सांगते. रात्री अडीचला रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडून विचारलं, पेशंट मारहाण करतो का? करत असेल तर आधी पोलिसांना घ्या. पोलिसांकडे गेलो. त्यांनी विचारलं, कुणाला मारलंय का? मारलं नसेल तर आम्ही काय करणार? म्हणजे मारत असेल तर एक येत नाही आणि मारत नसेल तर दुसरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ मध्ये आणीबाणीच्या उपचारात रुग्णाला जवळच्या मानसोपचार केंद्रापर्यंत पोचवणं धरलेलं आहे. ते कलम मी नंतर वाचलं. त्या रात्री चुलतभावांनी जीप केली. दावं घरचंच होतं, बैल विकल्यापासून गोठ्यात खुंटीला लटकलेलं. ते माझ्या हातानं काढून मी दिलं. मनोरुग्णाला साखळीनं बांधायला कलम ९५ नुसार मनाई आहे, आणि दाव्याला साखळी म्हणत नाहीत अशी पळवाट मी काढणार नाही. गुन्हा केला. अडीचशे किलोमीटर गेलो, ३६ दिवस तो आत होता, घरी आला तेव्हा दहा किलो उतरला होता.

२७ गोळ्या वाचल्या. त्यापायी सरकारचे ३६ दिवसांच्या खाटेचे पैसे गेले आणि आमच्या घरातलं काय गेलं ते देयकात मांडता येत नाही. लेखापरीक्षणात असा खर्च निघाला असता तर मी स्वतः आक्षेप काढला असता : 'निष्काळजीपणामुळे शासनाचे टाळता येण्याजोगे नुकसान'.

आता आकडे, म्हणजे माझा प्रांत. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली. खाटा अनुक्रमे १,८५०, २,५४०, ९४० आणि ३६५, बेरीज ५,६९५. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही नाही. जालन्याला व्हायचं ठरलंय, ते होईल तेव्हा होईल. दुसरीकडे बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याकडे किती रुग्ण आहेत हे मोजलेलंच नाही, हीसुद्धा एक नोंद घ्यावी. तरी त्यांचाच दर आपल्याला लावून बघितला. हजार प्रौढांत साधारण चार जण त्या वेळी स्किझोफ्रेनिया किंवा त्याच घरातल्या आजारानं त्रस्त होते. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. पोरंबाळं वजा जाता सात-साडेसात कोटी मोठी माणसं धरली तर तीन लाखांच्या आसपास आकडा येतो, आणि त्यात बायपोलरचे रुग्ण धरलेले नाहीत. तीन लाख माणसं, ५,६९५ खाटा. शंभरातले दोघं खाटेवर, उरलेले ९८ कुणाच्या तरी घरात, ओट्यावर, देवळात, स्टँडवर. आणि त्याच पाहणीनुसार या आजाराच्या चारांतल्या तिघांना काहीच उपचार मिळत नव्हता.

मी खाटांच्या विरोधात नाही. त्या ३६ दिवसांत तिथल्या नर्सबाईंनी माझ्या भावाला भरवलं आहे. एका वॉर्डात दोघीच होत्या त्या. पण सरकार दरबारी मानसिक आजार म्हटला की डोळ्यांपुढे मनोरुग्णालयच येतं, आणि पैसाही तिकडेच बघतो. नवी इमारत, नव्या खाटा, भूमिपूजन. इमारतीला कोनशिला बसवता येते. औषधाच्या खिडकीला कोण कोनशिला बसवणार? (ठाण्याच्या रुग्णालयाच्या जागेवर तर आता नवं रेल्वे स्टेशन होतंय. मनोरुग्णालयाकडे सर्वांत किमती काय आहे तर जमीन, हे रेल्वेला कळलं म्हणायचं.)

९८ जणांचा पैसा कुठे आहे ते शोधायला मी अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडून बसले. सवयीचं काम, तरी चार रात्री गेल्या. मनोरुग्णालयांचे पगार एकीकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, म्हणजे माणसं बहुतेक कंत्राटी आणि निधी हप्त्याहप्त्यानं. औषधं बाकीच्या सगळ्या औषधांच्या ढिगात. निराधारचं अनुदान सामाजिक न्याय विभागाकडे. पेशंट एक आणि खाती इतकी. 'तीव्र मानसिक आजाराच्या माणसावर महाराष्ट्र दरवर्षी दरडोई किती खर्च करतो' याचं उत्तर राज्यात एका टेबलावर मिळत नाही. ते तुमच्याही टेबलावर नसावं, असा माझा अंदाज आहे. केंद्राचं चित्र निदान दिसतं तरी : आरोग्य खात्याच्या बजेटमधला जेमतेम एक टक्का मानसिक आरोग्याला, आणि त्यातला बराचसा एकट्या निमहान्सला. निमहान्स मोठी संस्था आहे, तिचे पैसे कापा असं कोण म्हणेल? पण बंगळुरूत ओतलेलं पाणी आमच्या तालुक्याच्या खिडकीपर्यंत झिरपत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बेल्लारीत करून पाहिलेल्या प्रयोगावरून जिल्हा कार्यक्रम निघाला तो १९९६ साली. माझा भाऊ आजारी पडला त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे कागदावर तो आधी तयार होता, आजार नंतर आला. आमच्या तालुक्यात गाडी यायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात वडिलांनी जे केलं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही बापानं केलं असतं. बाहेरचं बघितलं, अंगारे झाले, दोन दर्गे आणि एक देवी झाली. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या शेडमध्ये साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळाले, ती बातमी वडिलांनी पेपरात वाचली आणि पेपर घडी करून कपाटावर ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी भावाला कुठल्या थानावर नेलं नाही. त्यांच्याकडून एवढंच झालं. सरकारी दवाखाना तोवर जवळ नव्हताच.

आता कायदा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी शासन निर्णय वाचावा तसा वाचला, पेन्सिल घेऊन. कायदा चांगला आहे. कलम १८ म्हणतं की यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि सर्व काळ उपलब्ध असतील. 'सर्व काळ' हे शब्द त्यांचे आहेत. क्लोझापिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याच कलमात पुढे आहे की किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर रुग्णानं त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घ्यावेत आणि खर्च सरकार देईल. मी निवृत्त लेखा कर्मचारी, मला राहवलं नाही. जिल्ह्याच्या दुकानातून शेवटी मिळालेल्या गोळ्यांची, खाजगी लॅबमधल्या रक्त तपासणीची बिलं जोडून रीतसर प्रतिपूर्ती देयक तयार केलं, प्रमाणपत्र लावलं, आवक क्रमांक घेतला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं : 'सदर प्रयोजनार्थ लेखाशीर्ष उपलब्ध नसल्याने देयक मूळच परत'. मला हसू आलं. माझ्या नोकरीत असली पत्रं मीच शेकड्यानं टाईप केली असतील. ज्या कारकुनानं ते लिहिलं त्याचं काही चुकलेलं नाही, हेही सांगते. शीर्षच नसेल तर तो पैसे काढणार कुठून?

कायद्याचं कलम ३१ आणखी मजेशीर आहे. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या मानानं मानसोपचाराची माणसं आंतरराष्ट्रीय प्रमाणाइतकी करण्याचा सरकार प्रयत्न करील. कायदा २०१८ साली लागू झाला. मुदत २०२८ ला संपते. २०२३ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं सांगितलं की देशात लाखाला मनोविकारतज्ज्ञ ०.७५ आहेत आणि हवेत तीन. आमच्या तालुक्यात लोकसंख्या तीन लाखांच्या जवळ, तज्ज्ञ शून्य पूर्णांक महिन्यातला एक मंगळवार. तज्ज्ञ एका रात्रीत तयार होत नाहीत, हे मान्य. मग तज्ज्ञ नसताना काय करता येईल, तिथे या.

गोवा, सातारा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटाला नेहमीचा दवाखान्यातला उपचार. दुसऱ्या गटाला तो उपचार आणि जोडीला गावातलाच, प्रशिक्षण दिलेला साधा कार्यकर्ता, जो घरी येतो. गोळ्या घेतल्या का बघतो, घरच्यांशी बोलतो, माणसाला अंघोळीपासून बाजारापर्यंतच्या कामांत परत आणायला मदत करतो. वर्षानं दुसऱ्या गटाची तब्येत थोडी बरी होती. थोडीच, चमत्कार नाही, आणि सगळ्या ठिकाणी सारखी नाही. पण जिनं २८ वर्षं एकटीनं हे केलंय तिला त्या 'थोडी'चा अर्थ विचारा. दोन शर्ट चढले आहेत हे पहिल्याच संध्याकाळी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी कळणं, एवढा त्याचा अर्थ. सातारा आपल्याच राज्यात आहे. तिथं करून पाहिलेलं दहा वर्षांत कराडपासून किनवटपर्यंत का गेलं नाही, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. ते पगाराच्या शीर्षात आहे. 'आशाताईंना सांगू' म्हणू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते मोजा, आणि मानधन किती महिन्यांनी येतं तेही.

हेल्पलाईनबद्दल बरं बोलायला हवं. टेली-मानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. त्या रात्री मी तिथंही फोन लावला होता. पलीकडची मुलगी समजूतदार होती, मराठीत बोलली, वीस मिनिटं माझ्याबरोबर राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, त्यांना दवाखान्यात न्यायला लागेल." तेच तर. परीक्षेच्या ताणानं, कर्जाच्या काळजीनं पोखरलेल्या माणसाला त्या नंबरचा आधार होत असेल, व्हावा. पण ज्याला पंख्यातून आवाज येतात तो फोन उचलून कुणाला लावणार? अलीकडे मानसिक आरोग्य म्हटलं की ताणतणाव, ध्यान, शाळेत समुपदेशन, १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, रॅली आणि रांगोळी स्पर्धा. आमच्या आजाराचं माणूस त्या रांगोळीत बसत नाही. त्याच्या अंगाला वास येतो, तो मधेच हसतो, त्याचा फोटो काढून बॅनरवर लावता येत नाही. आणि राजकारणात तर विचारूच नका. विरोधकाला 'मनोरुग्ण' म्हटल्याशिवाय, 'येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला पाठवा' म्हटल्याशिवाय तुमच्यातल्या कित्येकांची पत्रकार परिषद पुरी होत नाही. आमच्या घरात टीव्ही चालू असतो तेव्हा. तो ऐकतो.

दिव्यांगत्वाचं सांगायचं राहिलं. १९९५ च्या कायद्यानंच मानसिक आजार दिव्यांगत्वात आला, २०१६ च्या कायद्यात तो कायम राहिला. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर निराधार योजनेचं दार उघडतं. बोर्डापुढे नेलं त्या दिवशी माझा भाऊ नेमका छान होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, एकच. साहेबांनी वार विचारला, तारीख विचारली, दोन्ही बरोबर. मुख्यमंत्री विचारले, तेही बरोबर, वर उपमुख्यमंत्री न विचारता सांगितले. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, हा तर चांगलाय. चांगलाच आहे तो, साहेब. बीजगणित अजून सोडवतो. फक्त २८ वर्षांत एकाही ठिकाणी पंधरा दिवसांवर काम टिकलेलं नाही आणि शेजारच्या दुकानातून साखर आणायला त्याला दोन तास लागतात, कारण वाटेतल्या खांबांशी बोलणं असतं. तिसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळालं. अनुदान आधी महिना १,५०० होतं, २०२५ साली दिव्यांगांसाठी ते २,५०० करायचं ठरलं, त्याबद्दल तुमचे आभार, हे मनापासून लिहिते. तेवढ्यावर माणूस जगत नाही, पण दर महिन्याला येणारी ती एकच सरकारी गोष्ट आहे. महात्मा फुले योजना दवाखान्यात दाखल व्हायला आहे. आमचा आजार दाखल होण्याचा कमी आणि दर महिन्याचा जास्त.

आणि आता ज्याच्यासाठी रात्री झोप लागत नाही ते. मी ६० ची. आईवडील गेले. माझी मुलगी पुण्यात नोकरीला आहे, ती म्हणते मी बघेन. तिच्या गळ्यात हे बांधायला मी तयार नाही. स्किझोफ्रेनियाच्या घरांत हा एकच प्रश्न असतो, आमच्या मागं याचं काय. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली ती डॉ. जगन्नाथ वाणींनी, कॅनडात प्राध्यापकी करणाऱ्या धुळ्याच्या माणसानं, स्वतःच्या घरात हे दुखणं पाहिल्यावर. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, बरं करून, त्यांच्या त्यांच्या गावी परत पोचवणारी श्रद्धा संस्था कर्जतची, डॉ. भरत वाटवानींची. त्यांना २०१८ साली मॅगसेसे मिळालं. दोन्ही घरच्या-दारच्या माणसांनी उभी केलेली कामं. सरकारनं काय उभं केलं? कायदा म्हणतो की अर्ध्या वाटेवरची निवासगृहं आणि आधाराची घरं सरकारनं करावीत, आणि केवळ घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवू नये. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे काय आलं? महाराष्ट्रानं बरे झालेले मनोरुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले होते. न्यायालयानं ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. मी ती बातमी दोनदा वाचली. कुणीतरी कार्यालयात बसून ती टिप्पणी लिहिली असणार, 'जागेअभावी पर्यायी व्यवस्था', आणि त्यावर सह्या झाल्या असणार.

चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं तमिळनाडूत दुसरा रस्ता काढला. वर्षानुवर्षं आत असलेल्या बायांपैकी चार-पाच जणी मिळून एक साधं भाड्याचं घर, वस्तीतलं, आणि मदतीला एक ताई. स्वयंपाक त्यांचा त्या करतात, भाजी त्यांची त्या आणतात. भाडं आणि एक पगार, एवढाच त्याचा खर्च. मार्चअखेरीला जो निधी अखर्चित म्हणून परत जातो तो पाहिलेल्या बाईला असली तरतूद अवघड वाटत नाही. पण आधी मोठं रुग्णालय रिकामं करू, घरांचं नंतर बघू, असं मात्र नको. अमेरिकेनं १९६३ साली तसा कायदा केला, मोठाली रुग्णालयं रिकामी होत गेली, वस्तीतल्या केंद्रांचे पैसे पुरेसे आलेच नाहीत, आणि माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात गेली. क्रम चुकला की असं होतं.

तेव्हा माझी मागणी थोडी आहे आणि ती अर्थसंकल्पाच्या भाषेतच लिहिते. तीव्र मानसिक आजारासाठी एक स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि त्यात औषधं, घरी येणारा माणूस आणि राहायचं घर या तिन्हींचा पैसा टाका. खर्च तालुकावार छापा. ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकाला या दहा-बारा औषधांचा तीन महिन्यांचा साठा संपायच्या आत स्थानिक खरेदीतून भरायचा अधिकार द्या, वरची खरेदी होईल तेव्हा होवो. साठा शून्य झाला की त्याची नोंद हिवतापाच्या रुग्णाची होते तशी जिल्ह्याला त्याच दिवशी जाऊ द्या. आणि कलम १८ च्या प्रतिपूर्तीचे नियम करा, म्हणजे माझं देयक मी पुन्हा सादर करीन. मूळ प्रती जपून ठेवल्या आहेत. रक्कम ४,१८० रुपये.

नव्या रुग्णालयाच्या भूमिपूजनाला मी येईन, नारळही आणीन. पण ते मराठवाड्याला उत्तर म्हणून दाखवू नका.

या पत्राचं उत्तर लेखी द्यावं, जावक क्रमांकासह. फोन करायचा असेल तर महिन्याचा दुसरा मंगळवार सोडून करावा, त्या दिवशी दहा ते दोन मी खिडकीपुढे असते. भाऊ सध्या ठीक आहे. पुन्हा तीनशेवर आला आहे, मागच्या आठवड्यात त्यानं शेजारच्या पोराला त्रैराशिक शिकवलं. गेल्या खेपेला खिडकीवर सगळ्या गोळ्या मिळाल्या नाहीत, निम्म्याच मिळाल्या. पत्र लिहायला बसण्यापूर्वी डबा उघडून मोजल्या. ३३ आहेत. दुसरा मंगळवार १३ दिवसांवर आहे.

आपली विश्वासू,
पंचायत समितीतून निवृत्त एक लेखा कर्मचारी,
मराठवाडा